‘ताण घेऊ नका’ म्हणण्याआधी पाळणाघर द्या

महोदय,

महिलांच्या मानसिक आरोग्याविषयी अलीकडे पुष्कळ लिहिले-बोलले जाते. परंतु त्यातील बहुतेक सल्ले दार लावून दहा मिनिटे एकटे बसण्याची सोय असलेल्या घरांसाठीच असतात. चार घरची धुणी-भांडी करणाऱ्या, पदरी वर्ष-दीड वर्षाचे मूल असलेल्या बाईला प्राणायाम शिकवण्यापूर्वी, ती कामावर असताना ते मूल कोणाकडे असते, हे विचारायला हवे. अनेकदा ते आठ-नऊ वर्षांच्या थोरल्या बहिणीच्या कडेवर असते, आणि ती बहीण शाळेच्या पटावर असूनही वर्गात नसते. अंगणवाडीतली बालवाडी तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी, तीही काही तासच; त्याहून लहानग्यांच्या वाट्याला येतो तो मुख्यतः घरी न्यायचा शिधा.

गोव्यातील मातांची एक पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली होती. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले आणि त्यामागे पैशांची ओढाताण, नवऱ्याशी न पटणे, मुलगी झाल्याची घरातली नाराजी ही कारणे ठळकपणे दिसली. यातले एकही कारण गोळीने जाणारे नाही. मात्र रावळपिंडीजवळच्या खेड्यांत गरोदरपणीच नैराश्य आलेल्या मातांना गावपातळीवरील आरोग्यसेविकांनी घरी जाऊन धीर देण्याचे पद्धतशीर काम केले, तेव्हा बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत नैराश्यात राहिलेल्यांचे प्रमाण २३ टक्के होते. नुसत्या भेटी मिळालेल्या गटात ते ५३ टक्के होते.

आपल्याकडे आशाताई बाळंतपणानंतरच्या ४२ दिवसांत सहा-सात वेळा घरी जातातच. त्या बाळाचे वजन करतात, ताप पाहतात. त्याच भेटीत आईला झोप लागते का, रडू येते का, हेही विचारता येईल. अर्थात त्यासाठी प्रशिक्षण आणि वेगळा मोबदला द्यावा लागेल, कारण आधीच वाकलेल्या पाठीवर आणखी एक तक्ता लादणे हा उपाय नव्हे. मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेली मानस’ या सरकारी दूरध्वनी मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चांगला आहे, पण घरातला एकुलता एक मोबाइल नवऱ्याच्या खिशात असेल, तर तो लावायचा कधी?

केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीतच पाळणाघर चालवण्याची तरतूद आहे. महापालिकांनी निदान मोठ्या वस्त्यांत तरी ती घरकामाच्या वेळा पाहून, म्हणजे सकाळी सातपासून, सुरू करावी.

— एक निवृत्त शिक्षिका, पुणे