आमच्या ग्रेहाउंड कुत्रीला, हरणीला, घरी आणणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकटीला न पाठवता सगळ्यांपुढे ठेवते आहे. तुम्ही जे केलंत ते इंग्लंडातल्या आणखी चार मराठी घरांना कळायला हवं, असा बाबांचाच आग्रह आहे.

आमचे आजोबा जुन्नरकडचे, घाटातल्या बैलगाडा शर्यतींवर वाढलेले. लंडनला बस डेपोत नोकरी लागली, आणि तिथल्या सोबत्यांनी त्यांना एका शनिवारी वॉल्थमस्टोच्या स्टेडियमवर नेलं. यांत्रिक ससा सुटतो, पाठोपाठ सहा ग्रेहाउंड, म्हणजे शर्यतीचे सडपातळ कुत्रे, आणि अर्ध्या मिनिटात सगळं आटोपतं. आजोबा तिथलेच झाले. चार शिलिंग लावतही असतील, पण घरी येऊन बोलायचे ते कुत्र्यांबद्दलच: कोण वळणावर आत घुसला, कोण सुटायलाच उशीर करतो. आजीला इंग्रजी येत नसे. ती कुत्र्यांना त्यांच्या जाकिटाच्या रंगावरून ओळखायची. पहिला लाल, दुसरा निळा, तिसरा पांढरा, चौथा काळा, पाचवा केशरी आणि सहावा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. मी रंग शिकले ते तिच्याकडून, याच क्रमानं.

बाबांचा देव म्हणजे बॅलीरेगन बॉब नावाचा ग्रेहाउंड. डिसेंबर १९८६ मध्ये होवच्या ट्रॅकवर त्यानं सलग बत्तिसावी शर्यत जिंकून विश्वविक्रम केला, तेव्हा बाबा तिथे होते. त्या रात्रीची गोष्ट आमच्याकडे दर दिवाळीला होते. १६ ऑगस्ट २००८ ला वॉल्थमस्टो बंद झालं, त्या शेवटच्या रात्रीही ते गेले होते. नंतर आई गेली आणि त्यांचं बाहेर पडणंच थांबलं. इकडे माझ्या मुलीनं ट्रॅकवर होणाऱ्या दुखापतींबद्दल वाचलं आणि शर्यतीचं नावही काढू देईना. तीन पिढ्यांचा जिव्हाळ्याचा विषय, आणि जेवताना त्यावर कुणी तोंड उघडेना.

अशा वेळी तुम्ही आलात. निवृत्त ग्रेहाउंडना घर शोधून देणाऱ्या केनेलवर, म्हणजे कुत्र्यांच्या निवाऱ्यावर, तुम्ही सुट्टीचे दिवस घालवता, हे मंडळाच्या गणपतीत कळलं होतं. कुत्रा देण्याआधी तुम्ही घर बघायला आलात, कुंपणाची उंची पाहिलीत आणि बाबांना थेट विचारलंत, "पावसात फिरवायला कोण नेणार?" बाबांनी एक उमदा, तरणा कुत्रा पसंत केला होता. तुम्ही मात्र हरणीच योग्य म्हणालात. किती बरोबर होतं ते! ट्रॅकवर ताशी साठ किलोमीटरनं धावलेली ही पोर दिवसभर बाबांच्या खुर्चीशेजारी झोपून असते.

केनेलमध्ये वाढलेल्या तिनं जिना कधी पाहिलाच नव्हता. एकेक पाय उचलून पायरीवर ठेवत तुम्ही तिला चढायला शिकवलंत. तिचे दात काढायचे होते तेव्हा, ग्रेहाउंडच्या अंगात चरबी फार कमी, त्यामुळे काही भुलीची औषधं त्यांच्यावरून लवकर उतरत नाहीत, हे डॉक्टरांना आधी सांगून ठेवा, असं तुम्हीच बजावलंत. कुत्री आमची, पण त्या दिवशी फोनवर ताटकळलात तुम्ही.

आणि ते कागद! तिच्या कानातल्या गोंदणावरून तुम्ही तिच्या जुन्या शर्यतींची नोंद शोधून काढलीत. आयर्लंडमध्ये जन्म, आईबापांची नावं, प्रत्येक शर्यतीपुढे दोन शब्दांचा शेरा. ते शेरे बाबा नातीला वाचायला शिकवतात: उशिरा सुटली, पहिल्या वळणावर गर्दीत सापडली, शेवटी जोरात आली. ज्या मुलीला विषय नको होता ती आता आजोबांना चुका दाखवते.

पण सगळ्यात मोठे आभार वेगळ्याच गोष्टीसाठी आहेत. माझ्या मुलीनं तुम्हाला विचारलं होतं, "एवढं प्रेम आहे तर लोक यांना पळवतात कशाला?" तुम्ही काही झाकलं नाहीत. वळणावर मोडणारे पाय, घर न मिळणारी कुत्री, सगळं सांगितलंत. यांना धावायला मनापासून आवडतं, हेही सांगितलंत. बाबा समोरच बसले होते. त्यांच्या शनिवारांना तुम्ही नावं ठेवली नाहीत आणि तिच्या रागालाही पोरकट म्हणाला नाहीत. आमच्यापैकी कुणाला हे जमलं नव्हतं. २०२५ मध्ये वेल्सच्या सरकारनं ग्रेहाउंड शर्यतींवर बंदी आणणार असं जाहीर केलं तेव्हा मुलगी खूश झाली. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तिथल्या कुत्र्यांना घरं कोण बघणार?" आणि दोघं मिळून तुमच्या केनेलचा स्वयंसेवकांचा अर्ज भरायला बसले.

अर्ज पोचला असेलच. बाबांना जड काम देऊ नका, पण फिरवायला नक्की द्या. आणखी एक, आजीनं शिवलेल्या बऱ्याच गोधड्या आमच्या लॉफ्टमध्ये पडून आहेत. थंडीत केनेलवर चालतील का? कळवा, म्हणजे धुऊन शनिवारी घेऊन येतो.

तुमची ऋणी,
हरणीच्या घरची थोरली लेक