लाल दिव्याची गाडी अजून भिंतीवर

महोदय,

‘शाळेच्या भिंती देणार करिअरची दिशा’ ही कालची बातमी वाचली. दिशा कोणती, हे बातमीदाराने चार पावले पुढे जाऊन पाहिले असते तर बरे झाले असते. करिअरची चित्रे रंगवलेल्या त्या शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीवर एक अंतराळवीर आहे, वैमानिक आहे, स्टेथोस्कोपवाल्या डॉक्टरीणबाई आहेत आणि कलेक्टरसाहेबांची लाल दिव्याची गाडी आहे. लाल दिवे १ मे २०१७ पासून गेले, साहेब! सातवीतल्या पोराला तो दिवा पाहिल्याचे आठवणारही नाही. त्याने कशाची हाव धरायची म्हणे?

भिंती रंगवायला विरोध नाही. येता-जाता दिसणारे काम मुलांच्या मनात राहते. पण ‘मोठी स्वप्ने पाहा’ एवढेच लिहून भिंत गप्प बसते. त्याच जागी वेल्डर काढा, हातात होल्डर, तोंडावर काच, आणि खाली लिहा: आयटीआय, आठवी पास, १ वर्ष. इलेक्ट्रिशियन: दहावी पास, २ वर्षे. अक्षराचा साधा हिशेब असा की दहा फुटांवरून वाचायचे तर उंची एक इंच हवी. रस्ता तीस फुटांचा, म्हणजे तीन इंच. सध्याचा मजकूर जेमतेम इंचभर आहे. पलीकडच्या फुटपाथवरून मुंग्यांची रांग दिसते.

तारखा आणि फी रंगाने लिहूच नयेत, पुढच्या वर्षी त्या खोट्या ठरतात. चित्राशेजारी तीन बाय चार फुटांचा चौकोन फळ्याच्या काळ्या रंगाने रंगवून ठेवा आणि प्रवेशाच्या तारखा शिक्षकांनी खडूने लिहाव्यात. कोपऱ्यात ब्रशने क्यूआर कोड काढलाय, तो तर कमालच! खरबरीत गिलाव्यावर सहा इंचांत त्या बारीक चौकटींच्या कडा फुटतात, मोबाइल काही वाचत नाही. तो पत्र्यावर छापून ठोकायचा असतो.

आता अंतराळवीराचे बूट पाहा. पोपडे थेट गुडघ्यापर्यंत गेलेत. भिंतीच्या आतल्या बाजूला मातीचा ढीग टेकलेला, तिथून ओल चढते आणि खार बाहेर येतो. वरून फासलाय ऑइलपेंट. ओलीला बाहेर पडायला वाट नाही, म्हणून रंग फुगतो आणि पापुद्र्यासारखा सुटतो. आधी माती हटवायची, तारेच्या ब्रशने खार खरवडायचा, भिंत धुऊन खडखडीत वाळू द्यायची, मग एक्स्टिरिअर प्रायमरचा एक हात आणि अ‍ॅक्रिलिक इमल्शनचे दोन. नवा गिलावा असेल तर रंगाआधी किमान २८ दिवस थांबायचे. साठ फूट लांब, सहा फूट उंच भिंतीला इमल्शन सहा-सात लिटर लागते, काही डोंगर लागत नाही. पण बिल मार्चअखेरीस निघायचे म्हटल्यावर प्रायमर कोण मारतो, आणि वाळायला वेळ कोण देतो? भिंतीच्या माथ्यावर कोपिंगही, म्हणजे पावसाचे पाणी बाहेर टाकणारी पुढे आलेली कड, नाही, त्यामुळे डॉक्टरीणबाईंच्या गालावर काळे ओघळ. जमिनीलगतचा दीड फूट तरी साध्या गेरूच्या पट्ट्यासाठी सोडायचा होता. चिखलाचे शिंतोडे त्यात खपतात, आणि गेरू उन्हात विटतही नाही. झगझगीत गुलाबी मात्र दोन उन्हाळ्यांत पांढरा पडतो.

उरलेल्या भागावर क्लासवाल्यांची पोस्टरे आणि वाढदिवसाचे फ्लेक्स आहेतच. मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा कायदा १९९५ पासून आहे म्हणतात.

आणि एवढ्या करिअरच्या गर्दीत चित्रकार कुठे आहे? ‘पेंटर (जनरल)’ हा आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, तोही आठवीवर मिळतो. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा देणारी मुले त्याच शाळेत बसतात. वांद्र्याला एमटीएनएलच्या इमारतीवर दादासाहेब फाळके रंगवणारे रणजित दहिया चुना मारण्याच्या कामातून वर आले. हे त्या भिंतीवर चालले नसते का?

पण भिंतीचे सोडा, आपल्या अंकाचेच पाहू. फोटोखाली सात नावे आहेत, सातही फीत कापणाऱ्यांची. मागे शिडीवर ब्रश घेऊन उभा असलेला माणूस आपण कमरेपासून वर कापला आहे. चौकट बसवायची होती, हे समजू शकतो.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक