चीनमधल्या नातवंडांना आजी-आजोबा भेटू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भारत-चीन संबंध परत रुळावर येतायत अशा बातम्या गेले बरेच महिने आपल्या पेपरात येतायत, सीमेवरच्या बैठका, मानसरोवर यात्रा, खतं, दुर्मिळ खनिजं, मी इथे चीनमध्ये, शांघायजवळच्या सुझोऊत बसून ई-पेपरवर सगळं वाचत असतो. पण या सगळ्यात एक नातं कुठेच येत नाही म्हणून आज मीच लिहायला बसलोय. नोकरीनिमित्त चीनमध्ये राहणारी मराठी कुटुंबं आहेत, शांघाय, सुझोऊ, शेनझेन, ग्वांगझू अशी विखुरलेली, फार नाहीत पण आहेत, त्यांच्या घरात बारकी बारकी पोरं आहेत आणि त्या पोरांचे आजी-आजोबा तिकडे सांगली-साताऱ्याला बसून नातवंडाला एकदा मांडीवर घ्यायला मिळावं म्हणून झुरतायत. या आजी-आजोबांची वाट आता तरी मोकळी करा, एवढंच माझं म्हणणं आहे.

आमची लेक अडीच वर्षांची, इथेच जन्मली. मी एका कारखान्यात काम करतो, बायको घरून काम करते, त्यामुळे सकाळी ऑफिसला जायच्या आधी लेकीला खाली बागेत न्यायचं काम माझं. आणि खाली गेलं की सगळीकडे आजी-आजोबाच दिसतात. बाबागाड्या ढकलणारे, हातात गरम पाण्याचा थर्मास, खिशात संत्री, कोणी ताइ-ची करतंय तर कोणी नातवाच्या मागे वाटी-चमचा घेऊन फिरतंय. इथे बालवाडीत घालायचं तर ऑगस्ट संपेपर्यंत मुलाला तीन वर्षं पूर्ण व्हायला लागतात, त्याआधीच्या मुलांसाठी पाळणाघरं कमीच, आई-बाप दोघंही नोकरीला, मग मूल कोण सांभाळणार तर आजी. शिवाय इथल्या नोकरदार बायका आत्ताआत्तापर्यंत पन्नासाव्या नाहीतर पंचावन्नाव्या वर्षी रिटायर व्हायच्या, म्हणजे धडधाकट असतानाच नातवंडासाठी मोकळ्या. जानेवारी २०२५ पासून सरकारने हे वय हळूहळू वाढवत न्यायला घेतलंय, त्यामुळे पुढच्या पिढीतल्या आज्यांना इतकी सवड मिळेल की नाही काय माहीत.

या आज्यांचं लक्ष किती बारीक असतं ते एकदा बघाच. मूल पळून पळून घामाघूम झालं की आजी त्याला थांबवते, मानेतून हात घालून पाठ चाचपते आणि कपड्याच्या आत पाठीवर एक पातळ सुती पंचा सरकवते, त्याचं वरचं टोक कॉलरबाहेर लोंबत राहतं. घाम टिपला गेला की ते टोक धरून ओढून काढायचा आणि कोरडा दुसरा घालायचा, म्हणजे वारं लागून सर्दी होत नाही. आमच्या लेकीच्या पाठीवर असं काही नाही हे बघून शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका आजीने दुसऱ्या दिवशी दोन पंचे आणून दिले, धुऊन, घडी करून. थंडीत तर विचारूच नका. सुझोऊ यांगत्से नदीच्या दक्षिणेला, इथे उत्तर चीनसारखं सरकारी सेंट्रल हीटिंग नसतं, घरात गारठा असतो, आणि आपण मुलाला दोन थर कपडे घातले असतील तर अनोळखी आजीसुद्धा रस्त्यात थांबवून तिसरा कुठाय विचारते. काही परदेशी मित्रांना याचा राग येतो, मला नाही येत. माझ्या लेकीचे पाय उघडे आहेत का हे बघणारं कोणीतरी आहे, याचं मला बरंच वाटतं.

यातल्या कितीतरी आज्या या गावच्या नाहीतच. मुलगा-सून इथे नोकरीला म्हणून हपेइ, हनान, आन्हुइ अशा दुसऱ्या प्रांतांतून नातवंड सांभाळायला आलेल्या. आजोबा बरेचदा गावाकडे शेती बघायला मागे राहतात. इथली बोली त्यांना कळत नाही, ओळखीचं कोणी नाही, औषधपाण्याचा विमा गावाकडचा त्यामुळे दवाखान्यात गेलं की कटकट, तरी राहतात. पंचे देणारी आजी हपेइचीच. मी भारतातला म्हटल्यावर तिने लगेच के दिहुआंचं नाव घेतलं, म्हणजे आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये ते वैद्यकीय पथकाबरोबर चीनला आले आणि ९ डिसेंबर १९४२ ला हपेइतच गेले, तेव्हा त्यांचा मुलगा यिनहुआ जेमतेम काही महिन्यांचा होता. शाळेत धड्यात वाचलं होतं सगळं, पण लेकीला कडेवर घेऊन तिच्याएवढ्याच नातवाच्या आजीकडून ते ऐकताना मला पहिल्यांदा त्या बाळाचा विचार आला.

आता आमची स्वतःची आजी. माझी आई सांगलीत असते. तिला नातीशी बोलायचं तर कसं बोलायचं ते ऐका. व्हॉट्सअॅप चीनमध्ये बंद. वीचॅट म्हणजे चिनी मेसेजिंग अॅप, त्यावर अख्खा चीन चालतो पण ते भारतात जून २०२० पासून बंद, भारत सरकारने बंदी घातलेल्या ५९ चिनी अॅपच्या यादीत होतं. म्हणजे इकडचं तिकडे चालत नाही आणि तिकडचं इकडे. शेवटी ऑफिसच्या मीटिंगसाठी असतं ते टीम्स आईच्या फोनवर टाकून दिलं, आता ती रोज नातीची मीटिंग जॉइन करते. त्यात घड्याळाचा घोळ, इथे आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. आपल्याकडे दिवेलागणीला सात वाजतात तेव्हा इथे साडेनऊ आणि लेक गाढ झोपलेली, म्हणून आई साडेपाचलाच देवापाशी दिवा लावून फोन समोर ठेवते आणि शुभंकरोति म्हणते, लेक इकडे हात जोडून उभी, मधेच नेट अडकतं, आईचं तोंड उघडं राहिलेलं दिसतं, आवाज गायब. परत जोडेपर्यंत लेक खेळायला पळालेली असते. हे दोन्हीकडच्या राज्यकर्त्यांनी एकदा बसून बघावं असं मला फार वाटतं. सुरक्षेचे प्रश्न असतील, मला ते नाकारायचे नाहीत, पण म्हाताऱ्या माणसाला बटण दाबून नातवंड दिसेल अशी एक साधी सोय दोन्ही देशांनी चालू ठेवायला काय हरकत आहे?

आणि प्रवास. २०२० च्या सुरुवातीला थेट विमानं थांबली ती थेट ऑक्टोबर २०२५ मध्ये परत सुरू झाली, पहिलं कोलकाता ते ग्वांगझू, मग नोव्हेंबरात शांघाय ते दिल्ली. मधली साडेपाच वर्षं हाँगकाँग, बँकॉक, सिंगापूर असं कुठूनतरी फिरून यायचं. तरण्या माणसाला ठीक आहे, पण ज्याला गुडघ्यामुळे जिना चढवत नाही, इंग्रजी बोलायचा धीर होत नाही, त्याने मधल्या विमानतळावर रात्र कशी काढायची? माझ्या सासूबाईंना लेकीच्या बाळंतपणाला यायचं होतं, बॅग भरलेली होती, डिंक-खारीक सगळं आणून ठेवलं होतं, पण डॉक्टरांनी एवढा मोठा प्रवास नको म्हणून सांगितलं आणि त्या बसल्या घरी. बाळंतपणानंतर महिनाभर आम्ही इथली एक बाई ठेवली, इथे अशा बायकांचा रीतसर पेशाच आहे. तिने बायकोला थंड पाण्याला हात लावू दिला नाही, डोक्याला वारं लागू दिलं नाही आणि रोज राळ्याची पेज करून घातली वर लाल साखर. चांगली होती ती, तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण बायको रात्री बाळाला घेऊन बसायची तेव्हा तिला आई हवी होती, त्याला पगारी माणूस काय करणार.

इथे मुलं कमी होत चाललीयत म्हणून सरकार किती धडपडतंय ते बघतोय मी. २०१६ ला पावणेदोन कोटींच्या वर जन्म झाले होते आणि २०२३ ला ९० लाखांवर आले. एक मुलाचा कायदा जाऊन दोन झाले, २०२१ ला तीन झाले, आता तीन वर्षांखालच्या प्रत्येक चिनी मुलामागे वर्षाला ३६०० युआन देतात, म्हणजे आपले पंचेचाळीस हजारांच्या आसपास रुपये. तरी बागेत आई-बापांशी बोललं की सगळे एकच सांगतात, आजी असेल तर मूल, आजी नसेल तर दुसऱ्या मुलाचा विचारच नको. हे आमच्याही घराला तंतोतंत लागू आहे.

ज्यांची मुलं इथे आहेत आणि जे घाबरून येत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण आईच्या मैत्रिणी फोनवर हेच विचारतात. खाण्याची भीती सोडा. बाहेर हॉटेलात शाकाहाराचे हाल होतात हे खरं, भाजीतही डुकराची चरबी असू शकते, पण घरी करून खायला मंडईत सगळं मिळतं. दोडका, कारलं, भोपळा, उन्हाळ्यात लाल माठ, हो, आपला लाल माठ, शिजवल्यावर तसंच लाल पाणी सुटतं आणि आमची लेक ते भातावर घेऊन खाते. वसंतात एक पालेभाजी येते ती मेथीच्याच भाऊबंदांतली, दिसायला तशीच, फक्त कडू नसते. मूग, चवळी, शेंगदाणे, राळे भरपूर. तूरडाळ आणि गोडा मसाला तेवढा आणा. मेट्रो, रेल्वे स्वच्छ आणि सोपी, सुझोऊहून शांघायला अर्ध्या तासात पोचतो, सहा वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही. रोख पैसे चालतात पण सगळे फोनवरच देतात, ते मुलगा-सून शिकवतील. येताना भारतातल्या सिमचं रोमिंग चालू करून या, त्यावर व्हॉट्सअॅप चालतं. व्हिसा एस-२, म्हणजे इथे राहणाऱ्या नातेवाइकाला भेटायला येणाऱ्यांचा, मुंबईत व्हिसा केंद्र आहे, मुलाचं आमंत्रणपत्र आणि नात्याचा पुरावा लागतो. मुलाच्या जन्मदाखल्यावर तुमच्या नावाचं एक स्पेलिंग आणि तुमच्या पासपोर्टवर दुसरं असं असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या, बहुतेकांचं गाडं तिथेच अडतं.

आणि आल्यावर करमत नाही ही भीती तर अजिबात ठेवू नका. खाली बागेत उतरा, नातवंड बरोबर असलं की पुरे. भाषा येत नसली तरी दोन आज्या एकमेकींचं नातवंड बघून काय बोलायचं ते बोलतात, मी रोज बघतो.

एअर इंडियाने २०२६ मध्ये मुंबई-शांघाय थेट विमान सुरू करायचा मानस जाहीर केलाय. आपल्या पेपरने याचा पाठपुरावा करावा, ते परवानग्यांत अडकून राहू नये ही कळकळीची विनंती. आपल्या खासदारांनीही संसदेत विचारावं, व्यापाराचं विचारतात तसंच हेही. महाराष्ट्रातून चीनला माल जातो-येतो, इंजिनियर जातात-येतात, मग म्हाताऱ्या माणसांना दिल्ली नाहीतर कोलकात्याचा वळसा का?

आईने आता धीर करून मे महिन्यात यायचं ठरवलंय. सध्या तरी सांगली-पुणे-दिल्ली-शांघाय असाच बेत आहे, तोवर मुंबईचं विमान सुरू झालं तर तिची दिल्लीची खेप वाचेल.

आपला,
एक वाचक, सुझोऊ, चीन