क्लच प्लेट बदलण्याआधी पेडल तर बघा

संपादक महोदय, स.न.वि.वि.

भरलेली ट्रॉली चढावर लागली की जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन नुसतं ओरडतं, गाडी काही सरकत नाही, जळका वास येतो, आणि आमच्या इंदूरकडचे मिस्त्री लगेच ‘क्लच प्लेट गेली’ म्हणून मोकळे. अहो, आधी क्लच पेडलचा फ्री प्ले, म्हणजे दाबताना सुरुवातीला मिळणारी मोकळी चाल, तर बघा! तो नसेल तर चांगली प्लेटसुद्धा स्लिप मारते, म्हणजे घसरते आणि इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचत नाही. मग पेडलचा रॉड अ‍ॅडजस्ट करायचा, पाना फिरवण्याचं काम. तरीही स्लिप होत असेल तर ट्रॅक्टर मधून खोलायचाच, पण मग रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं), प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारी) आणि इंजिनाच्या क्रँकचं मागचं, तेल अडवणारं ऑइल सीलपण तपासून घ्या, सील गळत असलं तर नवी प्लेट तेलात भिजून परत तेच. आणि क्लच पेडलवर पाय ठेवूनच नांगरून प्लेट झिजवणाऱ्यांना काय सांगणार म्हणा!

– एक शेतकरी वाचक, सांवेर, जि. इंदूर