धर्मांचा अभ्यास निम्मा गावात व्हावा

संपादक महोदय,

पदवीच्या विद्यार्थ्यांना आता बहुविद्याशाखीय गटातून 9 श्रेयांक (क्रेडिट) घ्यावे लागतात. गोव्यातील महाविद्यालयांनी त्यांतले 3 श्रेयांक 'जागतिक धर्म आणि आजचा समाज' या विषयाला द्यावेत, आणि तो निम्मा वर्गाबाहेर शिकवावा. एका श्रेयांकाला 15 तास व्याख्याने किंवा 30 तास क्षेत्रकार्य धरतात. म्हणजे 30 तास वर्ग आणि 30 तास क्षेत्रकार्य सहज बसते.

कायदा आड येत नाही. घटनेच्या 28 व्या कलमाची मनाई पूर्णपणे सरकारी खर्चाच्या संस्थांतील धर्मोपदेशाला आहे. धर्मांचा अभ्यास म्हणजे धर्मोपदेश नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये अरुणा रॉय खटल्यात सांगितले आहे.

विषय फसतो तो आखणीत. आठवड्याला एक धर्म, त्याचा संस्थापक, ग्रंथ, पाच तत्त्वे, की धडा संपला! या साच्यात शिरगावची लईराई देवी बसणार कुठे? त्यापेक्षा ब्रिटिश अभ्यासक निनियन स्मार्ट यांनी सांगितलेली सात अंगे घ्यावीत : विधी, कथा, अनुभव, सिद्धान्त, नीती, संस्था आणि वस्तू. मग इस्लाम असो, ज्यू धर्म असो वा गावची जत्रा, प्रश्न तेच राहतात.

म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्रीस सायबिणीचे, म्हणजे मेरीमातेचे, फेस्तच (वार्षिक उत्सव) पाहा. लोक तिला लईराईची बहीण मानतात. हिंदूही तेल घेऊन येतात. तेल कोण आणतो, कोणाच्या हाती देतो, नवस कसला, उरलेल्या तेलाचे काय होते, हे सारे जागेवरच टिपावे. वहीत दोन रकाने हवेत : एकात पाहिले-ऐकलेले, दुसऱ्यात स्वतःचा अर्थ. हे दोन्ही मिसळले की एका बाईचे बोलणे साऱ्या धर्माच्या नावावर खपते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत सर्वाधिक घोळ इथेच होतो. परवानगी आधी घ्यावी, देवळात समितीची, चर्चमध्ये पाद्रीची, मशिदीत जमातीची (तिथल्या मंडळाची). कुमसाराच्या (पाद्रीपुढच्या पापकबुलीच्या) वेळी छायाचित्र मुळीच नको.

आजच्या समाजाचा भागही इथेच सापडतो. 1933 च्या देवस्थान नियमावलीनुसार महाजनांच्या (देवस्थानाच्या सभासदांच्या) देवळांवर सरकारी मामलेदार प्रशासक असतो. धर्मनिरपेक्ष राज्यात हे कसे चालते, महाजन कोण होऊ शकतो, हिशेब कोण तपासतो, यावर विद्यार्थ्यांनी मामलेदार कार्यालयात आणि देवस्थानात दोन्हीकडे जाऊन विचारावे.

स्वतंत्र विभाग लागत नाही. तत्त्वज्ञान, इतिहास आणि समाजशास्त्र यांचे शिक्षक मिळून हा विषय चालवू शकतात. मात्र निम्मे गुण नोंदवहीला ठेवावेत. नाहीतर विद्यार्थी क्षेत्रकार्य टाळून गाईडमधली पाच तत्त्वेच पाठ करतील.

— एक धर्माभ्यासक, फोंडा