कोऱ्या सोडलेल्या सातव्या ओळीबद्दल

आदरणीय बाई,

बायबलचा अभ्यासवर्ग संपला तेव्हा आभार मानायचे राहून गेले. ते आज सगळ्यांसमोर मानते.

येशूची आरोग्यदानं आणि जुन्या करारातली भाकितं यांची सांगड घालून देणारे आम्हाला आधीही भेटले होते. त्यांनी छापील यादी दिली: एकीकडे जुन्या करारातला संदेष्टा यशया, दुसरीकडे येशूचं चरित्र सांगणारा मत्तय, मध्ये बरोबरची खूण. कुणी शंका काढली की विश्वास कमी ठरायचा. 'आमची दुखणी त्याने वाहिली' हे यशया ५३:४ तर हमीपत्रासारखं वाचून दाखवलं जायचं. मत्तय ८:१७ मध्ये, पेत्राच्या सासूचा ताप उतरल्यावर, ते वचन येतं हे खरं. पण ज्यांच्या घरचं माणूस बरं झालं नाही, त्यांनी त्या वर्गात मान खाली घालून बसायचं.

तुम्ही यादी दिली नाहीत, मत्तय ११ उघडायला लावलंत. तुरुंगातला योहान, बाप्तिस्मा देणारा, निरोप पाठवून विचारतो, येणारा तो, म्हणजे मशीहा, देवाने पाठवायचा अभिषिक्त तारणारा, तूच का? येशू 'होय' म्हणत नाही. काय दिसतं, काय ऐकू येतं ते जाऊन सांगा म्हणतो. त्याच्या उत्तरातल्या सहा गोष्टी तुम्ही फळ्यावर लिहिल्यात आणि संदर्भ आम्हाला शोधायला सांगितलेत. आंधळे आणि बहिरे, यशया ३५:५. लंगडे, ३५:६. मेलेले उठतात, २६:१९. दीनांना सुवार्ता, ६१:१. कुष्ठरोग्यांपाशी सगळे अडले, कारण या अध्यायांत ते नाहीतच. त्यासाठी २ राजे ५ गाठावं लागतं, अलीशा संदेष्टा आणि त्याच्या सांगण्यावरून कुष्ठरोगातून बरा झालेला नामान. लूक ४:२७ मध्ये येशू स्वतःच त्याचं नाव घेतो.

चूक कुठे होते तेही तुम्ही दाखवलंत. यशया ३५ चा एक तुकडा उचलला की तो मशीहाविषयीच आहे असं वाटतं. अध्याय पूर्ण वाचला तर चौथ्या वचनात येणारा स्वतः देव आहे आणि दहाव्यात सोडवलेले लोक सियोनेत, म्हणजे यरुशलेमेत, परततात. 'अभिषिक्त' कुठेच नाही. मग ही जोड मत्तयाने मनाने घातली का? मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या चौथ्या गुहेत सापडलेलं ५२१ क्रमांकाचं प्राचीन यहुदी हस्तलिखित तुम्ही तेव्हा पुढे केलंत. त्यात देवाच्या मशीहाचा उल्लेख आहे, आणि पुढे जखमी बरे होणं, मेलेले जिवंत होणं, दीनांना सुवार्ता हे लागोपाठ येतं. तिथेही करणारा प्रभूच दिसतो, हे सांगायला तुम्ही विसरला नाहीत. एवढा प्रामाणिकपणा फार थोडे शिक्षक दाखवतात.

पण मनात घर करून राहिली ती सातवी ओळ. सहा ओळी भरल्यावर तुम्ही खाली लिहिलंत, 'बंदिवानांची सुटका', पुढची जागा कोरी सोडलीत आणि खडू ठेवून दिलात. ती ओळ यशया ६१:१ मध्येच आहे. नासरेथच्या सभास्थानात येशूने ती मोठ्याने वाचली होती. तुरुंगातल्या माणसाला दिलेल्या उत्तरात मात्र ती नाही. योहान सुटला नाही. गालीलचा शासक हेरोद याने त्याचा शिरच्छेद केला, पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसीफस याच्या म्हणण्याप्रमाणे माखेरसच्या किल्ल्यात. आणि त्याच अध्यायात, ११:११ ला, स्त्रियांपासून जन्मलेल्यांत योहानाहून मोठा कोणी नाही असं येशू म्हणतो. म्हणजे सुटका झाली नाही याचा अर्थ विश्वास उणा होता असा होत नाही. तुम्ही हे बोललाही नाहीत, आम्हाला वाचू दिलंत. मागच्या बाकावर कुणीतरी रडत होतं, तुम्ही तास पुढे रेटला नाहीत.

दुसऱ्याच्या दुखण्यावर घाईने वचन चिकटवायचं नाही, एवढी सभ्यता ज्याच्याकडे आहे त्याच्या हाती पवित्र शास्त्र शोभतं.

ज्यांनी आम्हाला दोष दिला त्यांनी यहेज्केल ३४ वाचावा. चौथ्या वचनात देव मेंढपाळांना जाब विचारतो, रोग्यांना का बरं केलं नाहीत म्हणून. सोळाव्यात ते काम तो स्वतः हाती घेतो, तेविसाव्यात दावीद राजाला मेंढपाळ नेमतो. यरीहोच्या वाटेवरचा आंधळा बार्तीमय येशूला 'दावीदपुत्रा' अशी हाक का मारतो, हे त्यानंतर कळायला लागतं. पुढच्या वर्गात हा अध्याय घ्याल का, बाई? आम्ही सगळे येऊ.

तुमच्या वर्गातली,
एक ऋणी विद्यार्थिनी