आई, त्या वाळलेल्या अळंब्यांचं जरा ऐक

प्रिय आई,

काल फोनवर तू म्हणालीस की मी डिसेंबरात आणलेल्या शिताकेवर, म्हणजे त्या वाळलेल्या जपानी अळंब्यांवर, पांढरं पांढरं आलंय, तेवढं पुसून बाकीच्या आमटीत टाकू का. नको गं, अजिबात नको, ती पिशवी सगळीच टाकून दे. बुरशी वर दिसते तेवढीच नसते, तिचे धागे आतपर्यंत गेलेले असतात आणि काही बुरशी जे विष सोडते ते उकळून पण जात नाही. पैशांचं वाईट वाटून घेऊ नको, चूक माझी आहे, नुसत्या पातळ पिशवीत देऊन निघून आले आणि पुण्याच्या जुलैत ओट्यावर पापडसुद्धा सादळतो हे माझ्या लक्षातच आलं नाही.

इथे ओइतात जपानमधल्या सगळ्यात जास्त शिताके वाळवतात, आणि जून-जुलैत पाऊस इथेही असतोच, त्याला त्सुयु म्हणतात. मग मी शेजारच्या आजींना विचारलं तुम्ही कसं करता, तर त्यांनी चहाचे पत्र्याचे डबे दाखवले, घट्ट झाकणाचे, आत सिलिका जेलची पुडी, आणि डबा गॅसपासून लांब अंधाऱ्या कपाटात. मला एकदम तुझ्या कुरडयांचा डबा आठवला. काही वेगळं नाहीये आई, हे वाळवणच आहे. ताज्या अळंबीत जवळजवळ ९० टक्के पाणी असतं, ते काढायचं आणि परत आत येऊ द्यायचं नाही, बस.

आता दुसरी पिशवी, जी अजून चांगली आहे म्हणतेस ती. एक अळंबी मोडून बघ, कट्कन तुटली पाहिजे. देठ शेवटी वाळतो म्हणून देठ नक्की बघ, तो लवचिक लागला तर ऊन पडेल त्या दिवशी गच्चीवर चाळणीत पसर, खालची पडद्यांची बाजू वर करून, उन्हाने त्यातलं ड जीवनसत्त्व पण वाढतं. ऊन नसेल तर ओव्हन अगदी मंद, ५० डिग्रीच्या आसपास, दार किंचित उघडं ठेवून. मग पूर्ण गार झाल्यावरच काचेच्या बरणीत भर, गरम भरलीस तर आत वाफ धरते. किड्यांची भीती वाटली तर बरणीत भरायच्या आधी घट्ट पिशवीत घालून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेव, पण बाहेर काढल्यावर लगेच उघडू नको, आधी खोलीच्या तापमानाला येऊ दे, नाहीतर गार अळंबीवर हवेतलं पाणी बसतं आणि सगळी मेहनत वाया. आणि मिक्सरमधून पावडर करून ठेवायचं डोक्यात असेल तर नको, पावडर फार पटकन सादळते आणि वास पण उडतो. लागेल तेवढीच कर.

वापरताना रात्रभर गार पाण्यात फ्रीजमध्ये भिजव, ते पाणी आमटीत घाल, सगळी चव त्यातच असते. पण नीट शिजवूनच खा, कच्च्या शिताकेने काही जणांच्या अंगावर चाबकाचे वळ उठल्यासारखं पुरळ येतं.

आता बाबांचं. रेइशी या दुसऱ्या औषधी म्हणवल्या जाणाऱ्या अळंबीचे ते लाकडासारखे काप मी हौसेने आणले खरे, आणि बाबांना सकाळी फिरायला जाणाऱ्या कोणीतरी सांगितलंय की त्याच्या काढ्याने साखर उतरते. मी वाचलं गं त्याबद्दल, २०१५ मध्ये कॉक्रेन या औषधोपचारांचे अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेने तोवरचे अभ्यास एकत्र तपासले होते, मधुमेहात रेइशीने साखर कमी होते असं त्यात दिसलं नाही. आणि बाबांची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, रेइशीनेही रक्त गोठायला वेळ लागू शकतो, दोन्ही एकत्र झाली तर रक्तस्रावाची भीती. त्यांना सांग, तुम्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक घोट पण घ्यायचा नाही. माझ्याकडून सांग, तुझं ऐकणार नाहीत. तोपर्यंत ते काप पण बरणीत घालून माळ्यावर नको, बेडरूमच्या कपाटात ठेव, माळा पावसात ओलावतो.

आणि बाबांच्या त्या गोळीच्या पाकिटाचा फोटो पाठव, नाव नीट दिसेल असा. रविवारी फोन करते तेव्हा डॉक्टर काय म्हणाले ते मला बाबांकडूनच ऐकायचंय.

तुझी,
मनू